ग्रंथालयातील कागद आणि गावातील दंश



आपल्या इस्लापूर-किनवटच्या मुलखात साप चावला असे कोणी म्हणत नाही. ‘पान लागले’ असे म्हणतात. नाव उच्चारले की तो येतो, ही जुनी समजूत. ज्या समाजाने नुसत्या शब्दाचे एवढे भय बाळगावे, त्याच समाजाने प्रत्यक्ष विष अंगात भिनत असता दोन दोन तास देवळाच्या ओट्यावर घालवावेत, ही मोठी आश्चर्याची गोष्ट आहे. पैनगंगेच्या काठचा हा रानाचा पट्टा. पावसाळा लागला की पऱ्हाटीत आणि सोयाबीनमध्ये खुरपणीला बसणारी बाई, रात्री पाणी द्यावयास जाणारा सालगडी, कुडाच्या घरात जमिनीवर पथारी टाकणारी पोरे, यांचीच गाठ सापाशी पडते. माडीवर, पलंगावर झोपणाऱ्याला पान लागल्याचे आपण फारसे ऐकत नाही. म्हणून हा विषय केवळ वैद्यकाचा नव्हे, तो आपल्या हक्काचाही आहे, आणि त्याकरिताच एका वकिलाने त्यावर लेखणी उचलली आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आपल्याच समाजातील एक भगिनी काही कागद घेऊन माझ्याकडे आली. पती शेतमजूर. रात्री जेवून जमिनीवर झोपला, पहाटे पोटात कळा येऊ लागल्या. अंगावर दंशाची खूण दिसेना. घरच्यांनी अपचन समजून ओव्याचे पाणी दिले. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या उघडेनात, तेव्हा झोप अपुरी झाली असे कोणी म्हणाले. मग शेजारच्या वस्तीतील उतारा करणाऱ्याला बोलावले. त्याने मिरची चावावयास दिली, तिखट लागते काय ते विचारले, कडुनिंबाचा पाला खाऊ घातला, आणि यात दीड-दोन तास गेले. शेवटी जीप करून सरकारी दवाखाना गाठला. तेथील तरुण डॉक्टरांनी रोग बरोबर ओळखला. विषप्रतिबंधक लस कपाटात होती. परंतु ती टोचल्यावर काही विपरीत झाले तर काय, या धास्तीने त्यांनी ती न देता पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. पुढच्यांनी नांदेडची दिली. नांदेडच्या वाटेवर त्याचा श्वास थांबला. कागदावर लिहिले गेले: ‘अज्ञात दंश’.

त्या दवाखान्याचे नाव मी येथे देत नाही. कारण तो एकच दवाखाना तसा आहे असा आपला ग्रह होऊ नये. मी त्या डॉक्टरांना पुढे भेटलो. ते म्हणाले, “वकीलसाहेब, शिकताना सर्पदंश एका तासात उरकला होता. येथे आल्यावर कोणी काही कळविले नाही. पुस्तके शहरातच राहिली.” या उत्तराने मला राग यावयास हवा होता, तो आला नाही. त्या भल्या माणसाला रात्री झोप लागत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

मग मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. ओळखीच्या प्राध्यापकांनी ग्रंथपालांना सांगितले आणि पाच मिनिटांच्या आत भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली काढलेली सर्पदंशाच्या उपचाराची प्रमाणित मार्गदर्शिका माझ्यापुढे आली. वाचकहो, मी ती तेथेच बसून वाचली, आणि जे वाचले त्याने मी सुन्न झालो. त्या मृत मजुराची सगळी हकीकत तीत जणू आधीच लिहून ठेवलेली होती. मण्यार रात्री चावते. जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचे दात इतके बारीक की खूण बहुधा दिसत नाही आणि वेदनाही होत नाहीत. रोगी पहाटे पोटदुखीने उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि उपचार न झाला तर श्वास चालविणारे स्नायू लुळे पडतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस अशा तक्रारी घेऊन आला तर खूण नसली तरी मण्यारीचा संशय घ्यावा, विषबाधेची लक्षणे दिसत असतील तर लसीची पहिली मात्रा देऊन मगच पुढे पाठवावे, हा त्यातील मार्ग. म्हणजे ज्ञान होते, औषध होते, डॉक्टर होता. ग्रंथालय आणि कपाट यांच्यामधला रस्ता तेवढा नव्हता.

या मार्गदर्शिकेतील काही गोष्टी मी आपल्यापुढे साध्या शब्दांत मांडतो. हे डॉक्टर होण्यासाठी नव्हे; डॉक्टरांपर्यंत माणूस जिवंत पोचावा यासाठी. दंश झालेल्या अवयवावर दोरी किंवा फडके आवळून बांधू नये. रक्तपुरवठा तुटून हातपाय जाण्याचे भय असते, आणि बंध एकदम सोडला तर साठलेले विष एकाएकी अंगात पसरते. जखम कापू नये, तोंडाने ओढू नये, बर्फ लावू नये. मोडलेल्या हाताला जशी फळी बांधतात तसा तो अवयव फळीने स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, पायातील जोडवी लगेच काढावीत, कारण सूज चढते. रोग्याला चालवू नये, धीर द्यावा, आणि जे वाहन मिळेल त्याने नेऊन दवाखान्यात दंशाची वेळ, जागा आणि त्यानंतर काय काय झाले ते क्रमाने सांगावे. साप मारून सोबत नेण्याच्या खटाटोपात दुसऱ्याला दंश झाल्याचे प्रकार घडतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही प्रमुख विषारी सापांवर एकच संयुक्त लस चालते, तेव्हा सापासाठी थांबावयाचे कारण नाही.

रक्त गोठते की नाही हे पाहण्याची एक परीक्षा आहे. ती समजून घेतली तर आपणांस दवाखान्यात काय चालले आहे याची कल्पना येईल. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवतात आणि मग हळूच कलती करतात. रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची बाधा समजावी. या परीक्षेला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. मात्र नळी साबणाने धुतलेली असली तर निष्कर्ष चुकतो. एवढ्याशा काचेच्या नळीवर माणसाचा जीव तोलला जातो. मी न्यायालयात पुराव्याच्या बाबतीत पुष्कळ काटेकोरपणा पाहिला आहे, पण एवढा नाही.

लस प्रत्येक दंशाला द्यावयाची नसते. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडताच चावतो. म्हणून डॉक्टरांनी रोग्याला चोवीस तास नजरेखाली ठेवून लक्षणे नसल्यास लस दिली नाही, तर ती हयगय नव्हे; तेथे भांडण करू नये. लक्षणे असतील तर प्रारंभीची मात्रा साधारण दहा कुप्यांची, आणि लहान मुलालाही तितकीच. कारण मूल लहान असले तरी सापाने सोडलेले विष लहान नसते. लसीची विपरीत प्रतिक्रिया येऊ शकते ही गोष्ट खरी आहे, परंतु तिच्यावर अॅड्रेनलिनचे इंजेक्शन हा उतारा आहे आणि तो आधीच भरून हाताशी ठेवावा, हेही तेथेच लिहिलेले आहे. ज्या भयाने त्या डॉक्टरांचा हात थांबला, त्याचे उत्तर त्याच कागदात होते.

ही लस येते कोठून, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. तिच्यासाठी लागणारे विष देशात मुख्यत्वे तामिळनाडूतील इरुळा आदिवासींची सहकारी संस्था पुरविते. ही संस्था १९७८ साली स्थापन झाली. साप पकडण्याची ज्यांची पिढीजात विद्या अडाण्यांची विद्या म्हणून हिणविली जाई, त्यांच्याच हातून निघालेल्या विषावर सबंध देशाचे औषध उभे आहे.

आता ग्रंथालयाकडे वळू. इंग्लंडातील सरकारी आरोग्यसेवेच्या अनेक रुग्णालयांत ग्रंथपालाचे काम पुस्तके रचून ठेवण्यापुरते नसते. जगात कोणती नवी उपचारपद्धती मान्य झाली, कोणती जुनी घातक ठरली, कोणती मार्गदर्शिका बदलली, हे निवडून त्याचे टिपण तो डॉक्टरांना व परिचारिकांना ठरावीक काळाने पाठवितो. आपल्याकडे जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना सुरू झाली, आणि शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना जगातील सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली. उत्तम झाले. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला याचा लाभ मिळेल. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्या बसलेल्या डॉक्टरला काय? त्याचे केंद्र ही काही शिक्षणसंस्था नव्हे. ज्याच्यापुढे साप चावलेला माणूस प्रथम येतो तोच या योजनेच्या कुंपणाबाहेर राहतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक केंद्राला दरमहा चार पानांचे मराठी टिपण पाठवावे, याला कोणता मोठा खर्च येतो?

ज्ञान नेहमी शहरातून खेड्याकडेच येते असेही नाही. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडच्या परिसरात सरकारी नोकरीत असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरताना पाहत होते. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून टिपणे केली. ती ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली छापून आली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि मृत्यूंचे भयंकर प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०११ साली त्यांचा आणखी एक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिली तर रोगी अधिक लवकर बरा होतो, हे त्यात दाखविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच नांदेड जिल्ह्यात मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी कित्येक वर्षे सर्पदंशाच्या रोग्यांवर उपचार केले आहेत. तालुक्याच्या गावी राहून हे होऊ शकते, याला आणखी दाखला नको.

येथे मला आपणांशी एक अप्रिय गोष्ट बोलावयाची आहे. आपण दीक्षा घेतली, देव्हारे उतरविले, उतारेवाल्याला दारातून परत पाठविले. वडीलधारी सांगतात की पूर्वी गावात पान लागले म्हणजे सवर्णाला मारुतीच्या देवळात आणि आपल्या माणसाला देवळाच्या पायरीखाली निजवीत. मरण मात्र दोघांनाही सारखेच येई. तो काळ गेला. परंतु मागील वर्षी एका घरी मी काय पाहिले? मुलाला दंश झालेला, आणि घरातील मंडळी भोवती बसून परित्राण पाठ म्हणत होती. गाडी उशिरा आली असे नव्हे, गाडी दारात उभी होती. पाठ पुरा व्हावयाचा होता. मूल सुदैवाने वाचले, कारण साप बिनविषारी होता. सर्पदंशाने भिक्खू मृत्यू पावला असता तथागतांनी सापांच्या चार कुळांविषयी मैत्री भावना करावयास सांगितली, ही कथा आपल्या त्रिपिटकात आहे, हे मला ठाऊक आहे. मैत्रीभावना ही मनाची शिकवण आहे. ती विषाचा उतारा नव्हे. विनयपिटकात सर्पदंशावर शेण, मूत्र, राख आणि माती ही देण्याची अनुज्ञाही आहे. त्या काळी वैद्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी दिले. आज कोणी भिक्खू ते देणार नाही, आणि देऊ लागला तर आपण त्याला अडविले पाहिजे. त्याच विनयपिटकात आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करावी हे सांगताना पहिली अट घातली आहे ती औषध तयार करण्याच्या योग्यतेची आणि पथ्यापथ्य ओळखण्याची. मंत्राच्या जागी सुत्त आणून बसविले म्हणजे धर्मांतर झाले असे ज्यांना वाटते, त्यांनी नुसती पाटी बदलली.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्याविरुद्ध जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा अपराध सांगितला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला, त्यानंतरच हा कायदा आला. तो किती महाग पडला हे विसरू नये. कलमातील ‘रोखून’ हा शब्द मात्र ध्यानात ठेवा. कोणी घरी आपणहून बोलावले असता त्याने उतारा केला आणि दवाखान्यात जाऊ नका असे म्हटले नाही, तर खटला उभा राहणे कठीण. त्या भगिनीच्या प्रकरणात मला हेच आढळले.

दवाखान्याच्या कर्तव्याविषयी सर्वोच्च न्यायालय निःसंदिग्ध बोलले आहे. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ साली न्यायालयाने सांगितले की जीव वाचविणे हे सरकारी वा खाजगी प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. १९९६ सालच्या पश्चिम बंगालमधील प्रकरणात फिर्यादी होती शेतमजुरांची संघटना. तिचा एक सदस्य रेल्वेतून पडून डोक्याला जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठविले. न्यायालयाने हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरविला आणि पैशाची चणचण ही सबब शासनाला चालणार नाही असे बजाविले. २०१५ सालचा एक निकाल तर माझ्या आजच्या मुद्द्याला थेट लागू आहे. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या एका मुलीचे डोळे तपासणे आवश्यक होते. तशी तपासणी झाली नाही, आईबापांना कोणी सांगितलेही नाही, आणि मुलगी आंधळी झाली. न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई द्यावयास लाविली. अशा बालकांना हा धोका असतो हे वैद्यकाला माहीत होते. जेथे माहीत असावयास हवे तेथे ते वापरले गेले नाही, हा दोष. म्हणजे मार्गदर्शिका हा ग्रंथालयात ठेवून देण्याचा कागद नव्हे. उद्या न्यायालयात डॉक्टरांच्या वागणुकीला तोच गज लावला जाईल. हे डॉक्टरांनाही सांगणे अगत्याचे आहे, कारण त्या कागदाप्रमाणे वागलेल्या डॉक्टरला तोच कागद संरक्षणही देतो. रोगी दगावला म्हणून दवाखान्यात मोडतोड करणे हा २०१० पासून महाराष्ट्रात स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्या तरुणांनी त्या मार्गाला जाऊ नये. दगड उचलला की आपली फिर्याद मागे राहते आणि त्यांची पुढे होते.

त्या भगिनीला भरपाई मिळाली काय, असे आपण विचाराल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघाताची जी शासकीय योजना आहे, तीत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण ते वहितीधारक खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एकाला. सातबाऱ्यावर नाव हवे. जो दुसऱ्याच्या शेतात राबताना किंवा राबून आल्यावर आपल्या झोपडीत मेला, त्याचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नसते. साप सातबारा पाहून चावत नाही. अनुदान मात्र सातबारा पाहून मिळते. या योजनेत भूमिहीन मजुराचा समावेश झाला पाहिजे ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे, आणि मी तसा अर्ज तयार करून ठेवला आहे.

देशभरात या दंशाने किती माणसे जातात? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असा अंदाज दिला. बहुतेक खेड्यातले, आणि पुष्कळसे दवाखान्याबाहेर झालेले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रत्येक सर्पदंशाची व मृत्यूची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना लिहिले. ‘अज्ञात दंश’ असे लिहिले की माणूस त्या हिशेबातूनही नाहीसा होतो. म्हणून मृत्यू झालाच तर शवविच्छेदन व पंचनामा यांना नकार देऊ नका. दुःखाच्या वेळी हे सांगणे निष्ठुर वाटते. पण तो कागद नसला की पुढे वकिलाच्या हाती काही राहत नाही. उपचाराच्या कागदपत्रांची प्रत लेखी मागितल्यास ती ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. लस बाहेरून विकत आणा असे कोणी म्हणाले तर ते लिहून द्या असे नम्रपणे सांगावे. बहुधा लस सापडते.

विहारांविषयी एक. आपल्या पुष्कळ विहारांत एक कपाट असते आणि त्यात बाबासाहेबांचे ग्रंथ असतात. त्या कपाटाशेजारच्या भिंतीवर एक कागद लागावा: दंश झाल्यास काय करावे, काय करू नये, लस कोठे आहे, १०८ ची गाडी, आणि रात्री दार उघडणाऱ्या जीपवाल्याचे नाव. मजकूर मराठीत मी लिहिला आहे, एका डॉक्टरांनी तो तपासून दोन ठिकाणी दुरुस्त केला, आणि गोंडी बोलणाऱ्या वस्त्यांसाठी तो कोणी तरी त्या भाषेत सांगावा अशी व्यवस्था चालू आहे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर पाच मिनिटे तो मोठ्याने वाचावा. ज्या आयाबहिणींना अक्षरओळख नाही, खुरपणीला त्याच पुढे असतात. मार्गदर्शिका बदलली की कागद बदलावा. त्यावर तारीख घातली आहे ती त्यासाठीच.

शिवाय माहितीच्या अधिकाराखाली मी एक अर्ज केला आहे. परिसरातील प्रत्येक आरोग्य केंद्रात आज लसीच्या किती कुप्या आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते, काचेच्या नव्या नळ्या आहेत काय, आणि २०१७ ची मार्गदर्शिका तेथील डॉक्टरांना कोणत्या दिनांकास पोचविली, एवढे चारच प्रश्न. उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. आज अठरावा दिवस. उत्तर आले की ते याच पानावर जसेच्या तसे देईन.